नालासोपाऱ्याचा वन आरके की जोगेश्वरीची एसआरएची रूम?

दोघांचा पगार मिळून ३० हजारांच्या आसपास आणि काम अंधेरीच्या बाजूला असेल, तर भाड्याच्या घरासाठी फिरून फिरून दोनच पर्याय हातात राहतात. लांब जाऊन स्वस्तातला वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, नाहीतर जवळपास एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतली रूम. आम्ही दोन्हीकडे राहिलोय. साडेतीन वर्षं नालासोपारा पूर्वेला, आणि गेली दोन वर्षं जोगेश्वरीत.

नुसत्या भाड्यावर बघाल तर नालासोपारा केव्हाही पुढे. तिथे आम्ही ५,५०० भाडं भरत होतो, डिपॉझिट २५ हजार. इथे १३ हजार आणि डिपॉझिट त्याच्या दुप्पट. शिवाय तिथली खोली मोकळी होती, खिडकी उघडली की वारा यायचा. इथे २६९ चौरस फुटांत सगळा संसार, आणि समोरची इमारत इतकी लागून की दुपारीही दिवा लावावा लागतो. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर हा मुद्दा हलका धरू नका.

गाडीच्या गर्दीबद्दल सगळेच सांगतील. सकाळी नालासोपाऱ्याला चढता येत नाही म्हणून आधी उलटं विरारला जायचं आणि तीच गाडी पकडून बसून यायचं, पासही विरारपासूनचा काढायचा. मी तेच करत होतो. त्रास होता, पण अंगवळणी पडला. गाडीमुळे मी ते घर सोडलं नसतं.

सोडलं ते पाण्यामुळे. पाणी कमी होतं असं नाही, ते कधी येणार हे कुणालाच ठाऊक नसायचं. आमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी असल्याचा दाखला नव्हता, पालिकेची जोडणी नव्हती, सगळा कारभार टँकरवर. टँकर कधी नऊला, कधी बाराला. तो आला की वरची टाकी भरायची, वॉल्व्ह अर्धा तास उघडा, आणि तेवढ्यात घरातला निळा पिंप भरला नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडं. शेजारच्या मावशी चारदा आमचा पिंप भरून देतील, पाचव्यांदा कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून बायको थांबायची. ती अंधेरीच्या एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करते. सकाळी सातची पूर्ण ड्युटी तिला मिळत होती, पण पाण्यापायी ती दुपारची अर्धी ड्युटी करत राहिली. महिन्याला ५,००० कमी. टँकरची वर्गणी ६०० वेगळी.

जोगेश्वरीत पाणी सकाळी साडेसहाला येतं, रोज. साडेसहा म्हणजे साडेसहा. पहिल्या आठवड्यात ती नळाखाली कळशी लावून घड्याळाकडे बघत उभी राहायची, विश्वासच बसत नव्हता. मग तिने सकाळची ड्युटी मागून घेतली. आता पिंप मी भरतो आणि आठला निघतो. भाड्यातला फरक ७,५०० चा दिसतो, पण आमच्या घरापुरता तो २,००० च्या आत आला. माझे येण्याजाण्याचे दोन-अडीच तास वाचले ते मी अजून मोजलेलेच नाहीत.

एसआरएतही सगळं सुखाचं नाही. आम्ही सहाव्या मजल्यावर, दोनपैकी एक लिफ्ट कायम बंद, आणि दुसरीही बिघडली की सिलिंडर खांद्यावर. म्हातारं माणूस बरोबर असेल तर पहिला-दुसरा मजलाच बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ताबा कधीचा आहे ते विचारा. ज्याला झोपडीच्या बदल्यात रूम मिळाली, त्याला ठराविक वर्षं ती विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. तरी लोक देतात, आणि उद्या तपासणी आली तर सामान भाडेकरूचं बाहेर पडतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. घरमालक ‘साध्या स्टॅम्प पेपरवर करू’ म्हणत नोंदणी टाळायला लागला, तर रूम त्या मुदतीतलीच असेल असं धरून चाला. हेवी डिपॉझिटवर, म्हणजे तीन-चार लाख एकदम देऊन बिनभाड्याने राहायचं आमिष अशाच ठिकाणी जास्त दाखवतात. आम्हालाही दाखवलं होतं. आम्ही गेलो नाही.

घरात कुणी ना कुणी दिवसभर असतं, मुलं लहान आहेत, एकाच्याच पगारावर चालतं, अशांना नालासोपारा अजूनही परवडेल, आणि पालिकेचं पाणी असलेल्या इमारतीही तिथे आहेत. त्यांचं भाडं थोडं जास्त, तेवढं द्या. पण दोघंही कामाला जात असाल तर मी तरी जवळचीच रूम बघा म्हणेन, कोंदट असली तरी.

आणि रूम बघायला एजंट संध्याकाळी बोलावतो, तेव्हा जाऊ नका. सकाळी जा. जिन्यात, दारांपुढे निळे पिंप मांडलेले दिसले की वरच्या कुठल्याही ताईंना विचारा, ‘काल पाणी किती वाजता आलं, आणि परवा?’ दोन्ही वेळा सारख्या निघाल्या तरच पुढचं बोला.