आईला घेऊन बँकॉकची एक दिवसाची टूर

दादरच्या एका टूरवाल्यांकडून बुक केली होती, मराठी बोलणारा गाइड मिळतो म्हणून. सकाळी ग्रँड पॅलेस, १७८२ पासूनचा, आणि आतल्या देवळाच्या आवारात भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामायण रंगवलंय, थाई लोक त्याला रामाकियन म्हणतात, आई एकेक प्रसंग ओळखत चालली होती, हनुमान दिसला की हात जोडायची, माझे तर तिथेच पैसे वसूल झाले. पण गाइडने पाऊण तासात बाहेर काढलं, ते अजिबात नाही आवडलं. मग वाट फोचा (थाईत वाट म्हणजे देऊळ) ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्याची नक्षी, नीट बघाच. बोटीने नदीपलीकडे वाट अरुण. जेवण ठीक. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, पॅलेसमध्ये नाहीतर सोडत नाहीत.