हेक, टॉरस की टॉरोस? ऑरॉक्सच्या पुनर्पैदाशीचे तीन मार्ग

युरोपात नदीकाठचे कुरण हाताशी आहे आणि त्यावर झुडपांचे रान माजू नये म्हणून बारमाही उघड्यावर चरणारी थोराड गुरे सोडायची आहेत, अशा संस्थेपुढे आज मुख्यतः तीन संकरित वंशांचा पर्याय असतो. तिन्हींचा आदर्श एकच आहे, तो म्हणजे १६२७ साली पोलंडच्या याक्तोरूफ जंगलात नामशेष झालेला ऑरॉक्स, युरोपातील पाळीव गुरांचा रानटी पूर्वज.

हेक गुरे सर्वांत जुनी आणि सहज मिळणारी. १९२० च्या दशकात हाइन्झ हेक यांनी म्युनिकच्या आणि त्यांचे बंधू लुट्झ यांनी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात वेगवेगळ्या जातींचे संकर सुरू केले आणि दहा-बारा वर्षांत ऑरॉक्स परत आल्याचे जाहीर केले. हा दावा टिकणारा नव्हता. ऑरॉक्सच्या वळूची खांद्याजवळची उंची १६० ते १८० सेंमी असे. हेक वळू बहुधा १४० सेंमीच्या आसपास थांबतो, त्याचे पाय आखूड आणि धड बोजड असते, शिंगेही पुढे वळून आत येण्याऐवजी अनेकदा बाहेर वा वर जातात. काटकपणा मात्र खरा आहे.

ही उणीव ओळखून १९९० च्या दशकात जर्मनीतील लिपे नदीच्या खोऱ्यात टॉरस गुरांची पैदास सुरू झाली. तिथे हेक गुरांचा इटलीच्या कियानिना आणि स्पेनच्या सायागेसा जातींशी संकर केला गेला. कियानिनाने उंची दिली, पण त्याबरोबर पांढुरका रंग आणि आखूड शिंगेही आणली. सायागेसाचा गडद रंग आणि लांब पाय अधिक उपयोगी ठरले. पहिल्या पिढीतली वासरे बरीचशी सारखी निघतात, तर दुसऱ्या पिढीत दडलेले गुण-दोष सुटे होऊन एकाच कळपात काळी, फिकट, उंच, बुटकी अशी सर्व प्रकारची वासरे दिसू लागतात. त्यामुळे खरे काम निवडीचे आहे आणि ते अनेक दशके चालते. वळू काळा, त्याच्या पाठीवर फिकट पट्टा, नाकपुड्यांभोवती पांढरी कड. गाय तांबूस, तिची कास लहान: ही सगळी लक्षणे एका जनावरात जुळून यावी लागतात.

नेदरलँड्समध्ये २००८ साली सुरू झालेल्या टॉरोस प्रकल्पाने हेक वंश वगळला आणि मारेम्माना, पाहुना, मारोनेसा, सायागेसा अशा दक्षिण युरोपातील जुन्या जातींवर भर दिला. त्याचे कळप चेकियातील मिलोवित्से आणि क्रोएशियातही चरत आहेत. ब्रिटनमधील ऑरॉक्सच्या हाडातून मिळालेला संपूर्ण जनुकक्रम २०१५ साली प्रसिद्ध झाल्यामुळे तुलनेला आता आधार आहे, तथापि आजच्या गुरांत उरलेली जनुकेच संकरातून गोळा होऊ शकतात; लोपलेली परत येत नाहीत.

माझे मत टॉरसच्या बाजूने झुकते, कारण तिथल्या निवडीचा अनुभव अधिक पिढ्यांचा आहे. मोठ्या, दीर्घ मुदतीच्या प्रकल्पाला टॉरोसही योग्य ठरेल. जमीन थोडी असेल तर संकराच्या मागे न लागता सायागेसासारखी अस्सल जुनी जात आणावी, कारण या जातीच आता दुर्मीळ होत आहेत आणि त्या टिकल्या नाहीत तर संकराला कच्चा मालच उरणार नाही. हा हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही: वशिंडाची गुरे भारतीय ऑरॉक्सपासून स्वतंत्रपणे माणसाळली.

वंश कोणताही निवडला तरी कुंपण आणि वैरण यांचा निर्णय आधी घ्यावा. नेदरलँड्समधील ओस्तफार्डर्सप्लासन येथे १९८३ पासून हेक गुरे, पुढे घोडे आणि हरणेही कुंपणाआड मोकळी ठेवली गेली. शिकारी प्राणी नव्हते, स्थलांतराला वाट नव्हती आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात ३,००० हून अधिक जनावरे दगावली, त्यांतील बहुतेकांना उपासमारीचे हाल टाळण्यासाठी गोळी घालावी लागली. शिवाय युरोपीय कायद्यात ही पाळीव गुरेच ठरतात, त्यामुळे कानातला बिल्ला, रोगतपासणी आणि मेलेले जनावर हलवण्याची जबाबदारी मालकाकडेच राहते.