सर्व ब्राउझरांसाठी एकच पॅक फाइल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कार्यालयातील ६० संगणकांवर प्रॉक्सीचा (इंटरनेटची वाहतूक गाळणाऱ्या मधल्या सर्व्हरचा) पत्ता आणि पोर्ट हाताने भरण्याची पद्धत बंद करून आम्ही सर्व ब्राउझर एकाच पॅक फाइलवर (प्रॉक्सीची सेटिंग आपोआप ठरवणाऱ्या फाइलवर) आणले, त्याला आता आठ महिने झाले. पूर्वी प्रॉक्सी सर्व्हर बदलला की प्रत्येक टेबलापाशी जावे लागे. आता वेब सर्व्हरवरील फाइलमधील एक ओळ बदलली की काम होते. नेटस्केपने १९९६ च्या सुमारास आणलेली ही सोय म्हणजे जावास्क्रिप्टमधील एक फंक्शन असून, कोणती विनंती प्रॉक्सीतून जावी आणि कोणती थेट, हे ते ब्राउझरला सांगते.

ही फाइल ब्राउझरांना आपोआप सापडावी म्हणून सुरुवातीला आम्ही डब्ल्यूपॅड ही नेटवर्कवर पॅक फाइल शोधण्याची पद्धत वापरून पाहिली. डीएचसीपीच्या (संगणकांना नेटवर्कची सेटिंग वाटणाऱ्या सेवेच्या) २५२ क्रमांकाच्या पर्यायातून पत्ता दिला, डीएनएसमध्ये (नावावरून आयपी, म्हणजे आकडी पत्ता, सांगणाऱ्या सेवेत) 'डब्ल्यूपॅड' हे नाव नोंदवले. परंतु विंडोजचा डीएनएस सर्व्हर हे नाव मुळातच रोखून धरतो, हे कळेपर्यंत अर्धा दिवस गेला. ती अडचण सुटल्यावरही मन धजावले नाही, कारण बाहेर नेलेला लॅपटॉप परक्या नेटवर्कवरही याच नावाचा शोध घेतो आणि तेथे कोणीही त्याला स्वतःची फाइल देऊ शकतो. शेवटी आपोआप शोध बंद करून फाइलचा नेमका पत्ता ग्रुप पॉलिसीतून (विंडोजच्या सर्व संगणकांना एका जागेवरून सेटिंग देण्याच्या सोयीतून) दिला. क्रोम विंडोजचीच सेटिंग वाचत असल्याने तेथे वेगळे काही करावे लागले नाही. फायरफॉक्समध्ये मात्र काहींनी पूर्वीच हाताने बदल केलेले होते. त्यासाठी ६० व्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या पॉलिसीतून पत्ता देऊन सेटिंगला कुलूप लावले.

पहिले काही आठवडे पाने उघडायला विनाकारण वेळ लागत होता. दोष माझ्याच फाइलचा होता: अंतर्गत पत्ते ओळखण्यासाठी मी आयपीची तुलना करत होतो आणि त्यामुळे प्रत्येक नव्या नावासाठी ब्राउझर आधी डीएनएसला विचारत बसे. नावाच्या शेवटच्या भागावरून निर्णय घ्यायला लावताच फरक जाणवला.

खरी चूक तिसऱ्या महिन्यात उघडी पडली. प्रॉक्सी बंद पडल्यास काम अडू नये म्हणून फाइल ब्राउझरला देते त्या उत्तराच्या शेवटी मी 'थेट जा' हा पर्याय ठेवला होता. एकदा प्रॉक्सीची सेवा खरोखरच थांबली आणि कोणाचीही तक्रार आली नाही. प्रॉक्सीचा लॉग (वापराची नोंद) रिकामा दिसला तेव्हा चार दिवस उलटून गेले होते, आणि तेवढा काळ सर्वजण गाळणीशिवाय इंटरनेट वापरत होते. सेवा सुरू केल्यावरही फायरफॉक्स काही वेळ थेटच जात राहिला, कारण बंद आढळलेल्या प्रॉक्सीला तो साधारण ३० मिनिटे पुन्हा विचारत नाही. त्यानंतर मी तो पर्याय काढून दुसरा प्रॉक्सी जोडला आणि फायरवॉलवर थेट वेब वाहतूक बंद केली.

एक काम अजूनही हातानेच करावे लागते. विंडोजच्या पार्श्वभूमीवर चालणाऱ्या काही सेवा वापरकर्त्याची प्रॉक्सी सेटिंग पाहत नाहीत. त्यांच्यासाठी विनएचटीटीपीची (अशा सेवा वेबशी जोडण्यासाठी वापरतात त्या विंडोजच्या भागाची) सेटिंग स्वतंत्रपणे द्यावी लागते, आणि नवा संगणक आला की नेमके तेच माझ्याकडून राहून जाते.