पिवळा बल्ब, हॅलोजन, सीएफएल, एलईडी: एकाच होल्डरमध्ये लावून बघितले

घरात चार प्रकारचे बल्ब पडून होते, म्हटलं एकदा नीट बघूनच टाकू कोण किती वीज खातो ते. एकच टेबललॅम्प घेतला, त्याचा प्लग वॉट दाखवणाऱ्या मीटरमध्ये लावला आणि एकेक बल्ब बदलत गेलो. खोली तीच, भिंत तीच, पडदे लावलेले.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आपण बल्ब घेताना वॉट बघतो, आणि वॉट म्हणजे बल्ब वीज किती ओढतो एवढंच. उजेड किती पडणार हे लुमेनवरून कळतं आणि तो आकडा खोक्यावर असतो, फक्त बारीक अक्षरात असतो म्हणून कोणी वाचत नाही. लुमेनला वॉटने भागायचं, जो आकडा येईल तो जितका मोठा तितका बल्ब काटकसरी. झालं.

पिवळा बल्ब, ६० वॉटचा. मीटरवर ५८ दिसले. उजेड साधारण ७०० ते ८०० लुमेन, म्हणजे एका वॉटला १२-१३ लुमेन. आतली टंगस्टनची तार २५०० अंशांच्या आसपास तापते तेव्हा कुठे उजेड पडतो आणि ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णता होऊन जाते. पाच मिनिटांनी बल्बपासून वीतभर लांब हात धरला तर तळव्याला चटका जाणवत होता. आणि ही उष्णता जाते कुठे, तर तुमच्याच खोलीत, वर एसी चालू असेल तर ती बाहेर काढायला परत वीज लागते. आयुष्य १००० तास. हा आकडा पण आपोआप आलेला नाही, १९२४ साली मोठ्या बल्ब कंपन्यांनी फीबस नावाचं कार्टेल (संगनमताचा गट) केलं आणि बल्ब १००० तासांच्या वर टिकू नये असं आपसात ठरवून घेतलं. मला हे वाचल्यापासून अजून राग येतो.

हॅलोजनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तारच ती, फक्त आत हॅलोजन वायू असतो, तो उडालेलं टंगस्टन परत तारेवर आणून बसवतो त्यामुळे तार जास्त तापवता येते. ६० वॉटच्या बल्बाइतका उजेड ४२ वॉटमध्ये मिळतो, आयुष्य साधारण दुप्पट. उजेड सुंदर असतो हे मान्य, पण वीज वाचावी म्हणून घेऊ नका.

सीएफएल, १४ वॉट. लुमेन ८०० च्या घरात, म्हणजे वॉटला ५५-६०. एकेकाळी हिनेच घराघरातलं बिल खाली आणलं त्यामुळे मी हिला नावं ठेवणार नाही. पण बटण दाबलं की आधी मळकट उजेड पडतो आणि पूर्ण पेटायला मिनिटभर लागतं, हे मी घड्याळ लावून बघितलं. बाथरूममध्ये तर अजिबात नको, सारखं चालू-बंद केलं की हिचं आयुष्य भराभर कमी होतं. शिवाय आत थोडा पारा असतो. फुटली तर खिडकी उघडून सगळ्यांनी ५-१० मिनिटं खोलीबाहेर थांबायचं, मग काचा जाड कागदाने गोळा करायच्या, उरलेला भुगा चिकटपट्टीने टिपायचा, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही. गेलेली सीएफएल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेतात तिथे द्या.

आता एलईडी, ९ वॉट. खोक्यावर ९०० लुमेन, मीटरवर ८.७ वॉट, म्हणजे वॉटला १०० च्या वर. हिशोब सोपा आहे, वॉटचा जो आकडा तेच १००० तासांचे युनिट. पिवळा बल्ब १००० तासांत ६० युनिट खातो, हॅलोजन ४२, सीएफएल १४ आणि एलईडी ९. रोज पाच तास दिवा लागत असेल तर पिवळ्याचे वर्षाला जवळपास ११० युनिट आणि एलईडीचे १६-१७. हे एका बल्बचं झालं, घरातले सगळे मोजा.

यातनं माझं मत असं झालंय की पिवळा किंवा हॅलोजन चालू असेल तर तो उडायची वाट बघूच नका, आजच काढा. सीएफएल मात्र नीट चालत असेल तर राहू दे, १४ वरून ९ वर येऊन फार काही वाचत नाही, ती गेली की मग एलईडी लावा. ट्यूबलाइटचं थोडं वेगळं आहे. ३६ वॉटची जुनी ट्यूब असेल आणि तिला तांब्याच्या तारेचा जड चोक असेल तर तो चोक वरून आणखी १० वॉटच्या आसपास खातो. तिच्या जागी २० वॉटची एलईडी पट्टी लावली तर लुमेन कागदावर कमी दिसतात पण ट्यूबचा निम्मा उजेड छताकडे जातो आणि पट्टीचा सगळा खाली येतो, वाचायला बसल्यावर फरक कळत नाही.

एलईडी एलईडीमध्ये पण खूप फरक आहे हे कोणी सांगत नाही. माझ्याकडे दुसरा एक ९ वॉटचा होता, मीटरवर साडेसहाच दिसले आणि उजेड पण तेवढाच कमी, म्हणजे खोक्यावरचा आकडाच खरा नव्हता. उलट चांगल्या बाजूला बघा, युरोपात २०२१ पासून वीजबचतीचं जे नवीन लेबल आलं त्यात ए श्रेणी मिळवायला वॉटला २१० लुमेन लागतात, आणि असे बल्ब बनतात! त्यात एलईडी चिप जास्त घालून प्रत्येकीतनं कमी वीज सोडतात, त्यामुळे चिप गार राहते आणि उजेड जास्त देते.

रंगाचं पण बघा. आई रात्री शिवायला बसली होती, मी नवा एलईडी लावून दिला, उजेड भरपूर, आणि तिने काळ्या परकराला नेव्ही ब्लू दोरा लावला. सकाळी खिडकीत बघितलं तेव्हा कळलं. एलईडीची चिप मुळात निळा उजेड देते (या निळ्या एलईडीसाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं), वरची पिवळी पावडर त्याचा पांढरा करते, पण त्यात सगळे रंग सारखे नसतात. खोक्यावर सीआरआय बघायचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, पिवळ्या बल्बचा १००, साध्या एलईडीचा ८० च्या आसपास. आईच्या मशीनवर आता ९० च्या वरचा लावलाय, वॉटमागे लुमेन थोडे कमी मिळतात पण तिथे ते चालतं.

शेवटची तक्रार आयुष्याची. खोक्यावर १५ ते २५ हजार तास लिहिलेलं असतं. पॅसेजमधल्या बंद काचेच्या डोममध्ये लावलेला माझा एलईडी आठ महिन्यांत गेला. उघडून बघितला तर चिप शाबूत, ड्रायव्हरमधला (चिपला लागेल तशी वीज पुरवणारं आतलं सर्किट) कपॅसिटर फुगून वर आलेला. एलईडी कमी तापतो म्हणजे तापतच नाही असं नाही, आणि डोममध्ये हवा फिरत नाही. डोम काढला, त्याच कंपनीचा तसाच नवा बल्ब उघड्या होल्डरमध्ये लावला, तिसरं वर्ष चालू आहे.