इंची लेथवर मिलिमीटरचे आटे: 127, 63, 37-47 की इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रू?

जुन्या लेथचा लीडस्क्रू (टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला 4 आट्यांचा, आणि नागपूरच्या इतवारीतून आणलेला नट एम12चा, म्हणजे 12 मिमी व्यासाच्या मिलिमीटर आट्यांचा. मध्ये आडवा येतो तो 25.4 हा आकडा, म्हणजे एका इंचातले मिलिमीटर. 254 म्हणजे दोनदा 127, आणि 127 ही मूळ संख्या. म्हणून 127 दात्यांच्या गिअरशिवाय मिलिमीटरची पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) गणिताने तंतोतंत जुळत नाही. प्रश्न एवढाच की तुमच्या कामाला ती तंतोतंत हवी आहे का.

127 असेल तर हिशेब सरळ आहे. पिचला 20 ने गुणा, येईल तेवढ्या दात्यांचा चालवणारा गिअर, लीडस्क्रूवर 127. एम10ची पिच 1.5, म्हणजे 30 वर 127. एम12ची 1.75, म्हणजे 35 वर 127. (लीडस्क्रू 8 टीपीआय, म्हणजे इंचाला 8 आट्यांचा, असेल तर 40 ने गुणा. टंबलर, म्हणजे दिशा बदलणारे गिअर, आणि गिअरबॉक्स एकास एक धरले आहेत.) अडचण आकाराची. मॉड्यूल (दात्याचं मिमीतलं माप) 1.5चा 127 दात्यांचा गिअर बाहेरून 193.5 मिमी भरतो. छोट्या लेथचं झाकण लागत नाही, बँजो (गिअर धरणारा सरकता हात) पुरत नाही. शिवाय गिअर कापताना समान भाग पाडणाऱ्या साध्या डिव्हायडिंग हेडवर 127 भाग पडत नाहीत, डिफरन्शियल इंडेक्सिंग (हेडला जादा गिअर जोडून भाग पाडणं) लागतं. मशीनसोबत मिळालेली गिअरची पेटी आधी नीट पाहा, मोठा गिअर कित्येकदा तिच्या तळाशी असतो.

नसेल तर तेच गुणोत्तर 100/127 गुणिले (पिच गुणिले 20)/100 असं मांडून 100/127 च्या जागी त्याच्या जवळचा अपूर्णांक बसवायचा. 63/80 किंवा 37/47, आणि पुढे दुसरी जोडी: पिच गुणिले 20, वर 100. म्हणजे 1.75 साठी 37 ने 47 फिरवायचा, 47 च्याच पिनवर 35, आणि तो लीडस्क्रूवरच्या 100 ला. जागा कमी पडली तर 37 आणि 35 आपसांत बदला, गुणोत्तर तेच राहतं.

63/80 मध्ये चूक 0.0125 टक्के, 37/47 मध्ये 0.021 टक्के. एम12च्या नटाची उंची साधारण 10 मिमी. तेवढ्यात 37-47 ची चूक 0.002 मिमी होते. जुन्या, झिजलेल्या लीडस्क्रूची चूक सहसा याहून मोठी असते. कापताना जॉब लीडस्क्रूपेक्षा 11 अंशांनी जास्त तापला, तरी निवल्यावर पिचमध्ये 63/80 च्या चुकीएवढाच फरक पडतो. नट-बोल्टसाठी 127 चा आग्रह धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अर्धा मीटर लांबीचा फीड स्क्रू बनवायचा असेल तेव्हा मात्र 37-47 ने 0.1 मिमी फरक पडेल. तिथे 127 च लावा.

63 आणि 37-47 यांत कोणता? 63 ला एकच नवा गिअर लागतो, 80 संचात असतोच. पण 40:1 डिव्हायडिंग हेडच्या (हँडलच्या 40 फेऱ्यांत जॉबचा एक फेरा) ब्राउन अँड शार्प भोकांच्या प्लेटांवर 63 ला चालणारं भोकांचं वर्तुळ नाही. 37 आणि 47 ही दोन्ही वर्तुळं तिसऱ्या प्लेटवर आहेत: 37 साठी एक फेरा आणि 3 भोकं, 47 साठी 40 भोकं. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत हॉबिंगवर (गिअरचे दाते कापणाऱ्या खास मशीनवर) गिअर कापून घेणार असाल तर 63. स्वतःच्या मिलिंगवर कापणार असाल तर 37-47. 21 दात्यांचा छोटा गिअरही 63 इतकाच अचूक, पण त्यावर 1.75 साठी संचात 105 चा गिअर लागतो (21/80, मग 105/100).

कापायला देण्याआधी जुना 60 दात्यांचा गिअर मोजा. बाहेरचा व्यास 93 मिमी भरला तर मॉड्यूल 1.5, 98.4 भरला तर डीपी (दात्याचं इंची माप) 16. हे दोन एकमेकांत चालत नाहीत. दाब कोन (दात्याच्या बाजूचा कोन) 14.5 अंश की 20, हेही जुळवा.

इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रूमध्ये गिअर बदलणं संपतं. स्पिंडलवरचा (जॉब फिरवणाऱ्या दांड्यावरचा) एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, वाचून स्टेपर मोटर छोट्या छोट्या स्टेपनी लीडस्क्रू फिरवते. रोज वेगवेगळ्या पिच लागत असतील तर खर्च पटतो. धोका स्टेप चुकण्याचा: एकदा चुकली की पुढच्या पासला टूल आट्यात बसत नाही, जॉब गेला. क्लोज्ड-लूप (स्वतःची स्थिती तपासत राहणारी) मोटर घ्या. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला पंखा हवाच.

कोणताही मार्ग घ्या, हाफ नट (टूलला लीडस्क्रूशी जोडणारा उघड-मिट नट) उघडायचा नाही. थ्रेड डायल (हाफ नट पुन्हा कधी बंद करायचा ते दाखवणारी तबकडी) इंची आट्यांसाठी आहे, इथे तो उपयोगाचा नाही. पास संपला की टूल मागे घ्या, मोटर पूर्ण थांबवा, मग उलटी फिरवा आणि सुरुवातीच्या पाच-सहा मिमी मागे नेऊन ढिलाई काढा. चक आट्यांवर बसणारा असेल तर उलट फिरताना सुटू शकतो. तिथे स्पिंडलला हँडल लावून हातानेच फिरवा.

टूल 60 अंशांचं. 55 चं व्हिटवर्थ (जुन्या इंची आट्यांचं) टूल चालत नाही. खोली पिचच्या 0.613 पट, म्हणजे 1.75 ला 1.07 मिमी, इंची डायलवर 42 थाऊ, म्हणजे इंचाचे हजारांश (डायल व्यास दाखवत असेल तर 84). पहिला पास नुसता ओरखडा काढा आणि दहा आटे व्हर्नियरने मोजा. 17.5 मिमी भरले तरच पुढचा कट घ्या.