ग्वाटेमालातील ‘समुदाय निधी’: फसवणुकीचा एक अनुभव

अमेरिकेतील आमच्या ओळखीची काही मराठी कुटुंबे येत्या हिवाळ्यात ग्वाटेमालाला जाऊन आतित्लान सरोवराकाठच्या, माया या मूळ रहिवाशांच्या गावांत एखाद्या कुटुंबाकडे राहण्याचा बेत करीत आहेत. त्यांनी मला विचारलेली सहलीची जाहिरात थोड्या फरकाने तीच आहे, जिच्यावरून आम्ही गेल्या वर्षी पैसे भरले होते. त्यामुळे त्या व्यवहाराची रचना कशी होती, ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

आमच्याकडून माणशी नऊशे डॉलर घेण्यात आले, परंतु दोन वेगळ्या नावांनी. तीनशे डॉलर ‘निवास व मार्गदर्शन’ या सदराखाली कार्डावरून घेतले गेले आणि उरलेले सहाशे ‘समुदाय निधीस ऐच्छिक देणगी’ म्हणून थेट बँक खात्यात मागवले गेले. ही ऐच्छिक देणगी भरल्याखेरीज आरक्षण पक्के होत नव्हते. देणगीच्या आवाहनात यादवी युद्धातील विधवांचा उल्लेख होता, आणि तो मनाला भिडणाराच होता. ग्वाटेमालातील युद्ध 1960 ते 1996 असे 36 वर्षे चालले, त्यात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया होते, असे संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने 1999 मध्ये नोंदवले. या युद्धानंतर विधवांनी चालवलेल्या विणकाम सहकारी संस्था त्या भागात खरोखरच आहेत. असत्य नेमके या सत्याला टेकून उभे केले होते आणि अशा आवाहनापुढे घासाघीस करणे कोणालाही प्रशस्त वाटत नाही.

पहिली शंका सरोवराकाठच्या पानाहाचेल गावाच्या धक्क्यावरच यायला हवी अशी परिस्थिती होती. दुपार अजून पुरती कलली नव्हती, तरी सहलवाल्यांच्या माणसाने ‘सार्वजनिक होड्या संपल्या’ असे सांगून आम्हाला खासगी होडीत बसवले आणि तिचे भाडे वेगळे घेतले. वास्तविक पलीकडच्या गावांना जाणाऱ्या सार्वजनिक होड्या संध्याकाळपर्यंत सुटत असतात. दुपारनंतर सरोवरावर शोकोमिल नावाचा वारा सुटतो व पाणी खवळते, याचे भय दाखवले की नवखा प्रवासी फार प्रश्न विचारत नाही.

गावातले घर नीटनेटके होते, परंतु ते कोणाचेच नव्हते. एक त्झुतुहिल (सरोवराकाठच्या एका माया समाजातील) बाई सकाळी येत, मक्याच्या भाकऱ्या थापत, अंगणात कमरेला पट्टा बांधून मागावर बसत आणि संध्याकाळी आपल्या घरी परत जात. आमच्यातील एकाला स्पॅनिश चांगले येत असल्याने त्यांच्याशी बोलता आले. त्यांना जेवणाच्या ताटामागे 30 केत्साल (तिथले चलन), म्हणजे जेमतेम चार डॉलर मिळत आणि विणकाम दाखवण्याचे काहीच मिळत नसे. निधीचे नाव त्यांनी प्रथम आमच्याच तोंडून ऐकले. सहलवाल्यांच्या दलालाने पाण्याच्या टाकीचे आश्वासन देऊन त्यांची छायाचित्रे काढून नेली होती, आणि ‘टाकीचे पैसे घेऊन तुम्हीच आला आहात का?’ असे त्यांनी आम्हाला विचारले. त्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर देणार!

घराला लागूनच एक दुकान होते. तिथे ‘नैसर्गिक रंगांत हाताने विणलेले’ म्हणून उइपिल, म्हणजे तिथल्या स्त्रियांचे पारंपरिक पोलके, भरमसाट किमतीला विकले जात होते. पैठणी घेताना आपण पदर उलटून पाहतो, तसा तो कपडा उलटला तेव्हा आतली बाजू फिकट पांढरी निघाली. पॉलिएस्टरवर यंत्राने छापलेली ती नक्षी होती. कंबरेच्या मागावर विणकरीच्या हातांच्या आवाक्याहून रुंद कापड निघत नाही, त्यामुळे उइपिल सहसा दोन किंवा तीन पट्ट्या जोडून शिवतात आणि त्या जोडावर भरतकाम करतात. या कपड्यात जोडच नव्हता, जोडावरचे भरतकाम मात्र छापलेले होते. असा छापील माल ग्वाटेमालाच्या बाजारांत उघडपणे स्वस्तात मिळतो आणि विणकर स्त्रियांच्या संघटनांचा त्याविरुद्ध लढाही चालू आहे. सांगून विकला तर त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. येथे तो विणकरीच्या शेजारी टांगून तिच्या हातचा म्हणून विकला जात होता.

रात्रीच्या अग्निविधीचीही तीच कथा. माया पंचांगात वीस दिवसनामे आणि तेरा अंक यांच्या मेळातून 260 दिवसांचे चक्र होते, आणि जाणकार पुजारी जन्मतारखेवरून हिशेब करून प्रत्येकाचा दिवस सांगतो. आमच्या पुजाऱ्याने कोणाचीही तारीख न विचारता सर्वांना बात्झ हाच दिवस देऊन टाकला. धागा आणि विणकामाशी जोडलेला तो दिवस दुकानाला सोयीचा होता.

याउलट, ज्याला पुष्कळ प्रवासी उगाच लूट म्हणतात, ती लूट नव्हे. सरोवराकाठच्याच सांतियागो आतित्लान गावात माशिमोन या लोकदैवताच्या दर्शनाला व छायाचित्राला थोडे पैसे द्यावे लागतात. ही मूर्ती ज्या धार्मिक मंडळाच्या सदस्याघरी वर्षभर मुक्कामाला असते, त्यांच्यापुढेच आपण ते ठेवतो आणि ते कोणाकडे जातात हे डोळ्यांना दिसते. धक्क्यावरून तिथवर नेणारा रिक्षावाला (रिक्षा बहुधा आपल्या बजाजचीच असते) दोन-चार केत्साल जास्त मागतो, त्याचेही मला वैषम्य वाटत नाही.

परतल्यावर कार्डाच्या बँकेने तीनशे डॉलरांची तक्रार नोंदवून घेतली आणि काही आठवड्यांनी रक्कम परत केली. सहाशेच्या बाबतीत मात्र, देणगी स्वखुशीने दिली असून तिच्या बदल्यात कोणतीही सेवा देय नव्हती, असे सहलवाल्यांचे लेखी उत्तर आले, आणि कागदोपत्री ते बिनचूक होते. व्यवहाराचे दोन तुकडे करण्यामागचा हेतू हाच होता. म्हणून ज्या सहलीत आरक्षण देणगीवर अवलंबून असेल, तिथे देणगी आधी भरू नये. यजमान कुटुंबाला दर रात्रीचे किती मिळते हे लेखी मागावे आणि ते कुटुंबाशी फोनवर ताडून पाहण्याची मुभा मागावी. केत्साल्तेनांगो किंवा सान पेद्रो ला लागुना येथील स्पॅनिश भाषाशाळा विद्यार्थ्यांना स्थानिक कुटुंबांत ठेवतात, तिथे हा प्रश्न विचारणे अगदी स्वाभाविक मानले जाते.

ओळखीच्यांनी मला पाठवलेल्या नव्या जाहिरातीत सहल उएउएतेनांगो प्रांतातील माम (दुसऱ्या एका माया समाजाच्या) कुटुंबात असल्याचे म्हटले आहे. छायाचित्रातील स्त्रीच्या डोक्याभोवती मात्र लांब लाल फीत चक्राकार गुंडाळलेली आहे. हा सांतियागो आतित्लानच्या त्झुतुहिल स्त्रियांचा शिरोवेष असून ग्वाटेमालाच्या 25 सेंताव्होच्या नाण्यावरही तोच कोरलेला आहे. मी ती विसंगती दाखवून सहलवाल्यांना पत्र लिहिले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी जाहिरातीतील छायाचित्र बदलले गेले. देणगीची अट तशीच आहे.