कौलांखालचा डिजिटल पियानो: एक पावसाळा काढून झाल्यावर

पावसाच्या तोंडावर यामाहाचा पी-45 हा डिजिटल पियानो घेतला आणि मागोमाग घरातच गाणं रेकॉर्ड करता यावं म्हणून थोडं सामान. आता चवथ (गणेश चतुर्थी), दिवाळी, गावची जत्रा सगळं होऊन गेलंय. नवलाई ओसरली की वस्तू खरी कळायला लागते, म्हणून आत्ता लिहितोय. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला, भजनाला पेटीवर बसणारा. मुलगी पणजीला पियानोच्या क्लासला जाते आणि ट्रिनिटी या लंडनच्या संस्थेच्या ग्रेड परीक्षा देते. म्हणजे एकाच वाद्याकडून बापलेकीच्या दोन वेगळ्या अपेक्षा, आणि घर जुनं, कौलारू, चिऱ्याचं. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची निघाली, पण ती दुकानात कोणी विचारत नाही.

दुकानात कानावर पडतो तो टोनचा, म्हणजे वाद्यातून निघणाऱ्या वेगवेगळ्या आवाजांचा, आकडा. कुणाचे सहाशे, कुणाचे हजार. पी-45 मध्ये दहा: दोन पियानो, दोन इलेक्ट्रिक पियानो, दोन ऑर्गन, दोन हार्पसिकॉर्ड, स्ट्रिंग्ज आणि व्हायब्राफोन. ना तबला, ना ढोलकी, ना बासरी. "एवढ्या पैशांत दहाच?" म्हणून साडूभाऊंनी तोंड वाकडं केलं होतं. इलेक्ट्रिक पियानोंपैकी एक एफएम पद्धतीचा (एका लहरीने दुसरी हलवून घडवलेला) आहे, यामाहाच्याच 1983 च्या डीएक्स-7 या सिंथेसायझरच्या घराण्यातला. ऐंशीच्या दशकातली गाणी ऐकत वाढलेल्या माणसाला तो नाद लगेच ओळखू येतो. बाकीचे टोन मी क्वचित लावतो. मला विचाराल तर घरच्या वाद्यात पैसा पट्ट्यांत असावा. टोन पुढे लॅपटॉपमधून हवे तेवढे मिळतात, तेही बरेचसे फुकट. पट्ट्या मात्र नंतर बदलता येत नाहीत.

या पट्ट्या 88 आहेत आणि त्यांच्या आत छोटे हातोडे आहेत. डावीकडे त्या जड लागतात, उजवीकडे जाताना हलक्या होत जातात, अगदी खऱ्या पियानोसारख्या. पेटीवाल्याला याची सवय व्हायला वेळ लागतो. पेटीत पट्टी दाबली की बोटाचं काम संपलं, जोर सगळा भात्यात. इथे जोर बोटातच. सुरुवातीला मनगट भरून यायचं. आणि डाव्या हाताचं काय करायचं, हा आणखी एक प्रश्न: जन्मभर भाता मारलेला हात मोकळा सुटला की आपोआप मांडीवर ताल धरतो. द्रुत लयीतल्या ताना आणि मुरक्या पेटीइतक्या सहज अजूनही निघत नाहीत, आणि निघतील असंही वाटत नाही. ज्यांना फक्त भजन, नाट्यगीतं आणि साथ एवढंच करायचंय, त्यांनी हलक्या पट्ट्यांचा 61 चा की-बोर्ड घ्यावा हे बरं. पी-45 साडेअकरा किलोचा आणि 1.3 मीटरपेक्षा थोडा जास्त लांब आहे. स्कूटरवर आडवा घालून मंदिरात नेण्यातला नाही. तियात्राच्या (कोकणी संगीत नाटकाच्या) बँडमध्ये वाजवणाऱ्यांनी तर याच्याकडे बघूही नये.

मुलीच्या बाजूने मात्र तक्रारीला जागा नाही. क्लासमधला पियानो आणि घरचा यांत तिला बोटं पुन्हा बसवावी लागत नाहीत. एका वेळी 64 सूर वाजू शकतात. आजकालच्या इतर पियानोंचे आकडे यापुढे मोठे दिसतात, पण मधल्या ग्रेडपर्यंतच्या रचनांत सूर लांबवणारा पेडल दाबून धरला तरी सूर तुटलेला मला ऐकू आला नाही. सोबत येतो तो पेडल म्हणजे चालू-बंदचा साधा चौकोनी खटका. अर्धा पेडल, म्हणजे पेडल अर्धवट दाबून सूर थोडाच लांबवणं, शिकायची वेळ आली की एफसी-3ए हा पेडल वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरून ठेवा. ड्युओ नावाची सोय आहे: पट्ट्या मधोमध वाटल्या जातात आणि दोघांना एकाच सप्तकात शेजारी बसून वाजवता येतं. गुरू-शिष्यासाठी केलेली ही सोय आमच्याकडे बापलेकीच्या भांडणासाठी वापरली जाते.

बटणं जवळजवळ नाहीतच. एक पॉवरचं, एक ग्रँड पियानोचं आणि आवाजाची सरकपट्टी. ते ग्रँड पियानोचं बटण दाबून धरून वेगवेगळ्या पट्ट्या दाबायच्या, मग टोन, मेट्रोनोम, ट्रान्सपोज सगळं बदलतं. कोणती पट्टी कशाची हे लक्षात राहत नाही, म्हणून मी कागद चिकटवलाय. ट्रान्सपोज सहा सुरांपर्यंत वर किंवा खाली जातो. पांढरी एकची बोटं ठेवून काळी एकला साथ करता येते, स्केल चेंजर पेटीसारखी. आणखी एक खोड: अर्धा तास काही वाजलं नाही तर पियानो स्वतःहून बंद होतो. आमच्या तालमीत वाजवण्यापेक्षा बोलणं जास्त, त्यामुळे हे वारंवार व्हायचं. सर्वांत डावीकडची पट्टी दाबून धरून पियानो चालू केला की हे थांबतं.

आता गांधाराकडे येतो, कारण पेटीवाल्यांचं खरं दुखणं तिथे आहे. शुद्ध गांधार षड्जापासून 386 सेंटवर (सेंट म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) हवा, पियानोत तो 400 वर बसवलेला असतो. धैवत 884 ऐवजी 900, निषाद 1088 ऐवजी 1100. पंचमात दोनच सेंटचा फरक, तो कुणाला कळत नाही. तानपुरा लावून पियानोवर यमनचा गांधार धरून ठेवा, अंगावर काटा येतो, चांगला नव्हे. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. मींड नाही आणि सूर ठरलेले, हे पेटीवरचे जुने आक्षेप पियानोलाही तंतोतंत लागू होतात. पी-45 मध्ये सगळं वाद्य एकदम चढवता-उतरवता येतं, एकेक सूर वेगळा लावता येत नाही.

यावर उपाय सापडला तो लॅपटॉपमध्ये. सर्ज एक्सटी नावाचा सिंथेसायझर, म्हणजे आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो. त्याचा कोड 2018 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तो स्काला नावाच्या साध्या मजकुराच्या फाइली वाचतो. नोटपॅडमध्ये बारा सुरांचे सेंट एकाखाली एक लिहायचे, सा कुठे धरायचा ते वेगळ्या मॅपिंगमध्ये सांगायचं, झालं. पियानोतून यूएसबीने फक्त मिडी (कोणती पट्टी किती जोरात दाबली याची माहिती) जातो, आवाज सर्ज काढतो. पट्ट्या यामाहाच्या, सूर आपले. ऑर्गनसारखा एक साधा टोन बनवून त्यावर भूप वाजवला तेव्हा आमच्या मंडळातले पखवाजवाले काका, ज्यांना असल्या यंत्रांचा तिटकारा आहे, ते म्हणाले, "अरे, ही पेटी कुठून आणलीस?" मर्यादा आहेत: रागाप्रमाणे रिषभ-धैवत हलतात, तेव्हा फाइलही बदलावी लागते. आणि मींड काही निघत नाही, कारण या पियानोला पिच बेंडचं, म्हणजे सूर सरकवायचं, चाक नाही. त्यासाठी 25 पट्ट्यांचा छोटा मिडी की-बोर्ड डाव्या हाताशी ठेवलाय, म्हणजे त्या रिकाम्या हातालाही काम मिळालं.

रेकॉर्डिंगचं सामान मोजकंच आहे. फोकसराइटचा स्कार्लेट 2आय2 ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्य लॅपटॉपला जोडणारं यंत्र), शुअरचा एसएम-57 माइक, ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम40एक्स हेडफोन आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. रीपर 60 दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतो, घरगुती वापराचा परवाना 60 डॉलरचा. इंटरफेसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तेच त्याचं कौतुक. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) 128 नमुन्यांवर ठेवला तर 44.1 किलोहर्ट्झला जेमतेम तीन मिलिसेकंद जातात. हवेत आवाजाला एक मीटर जायला तेवढाच वेळ लागतो. सगळी ये-जा धरून त्याच्या दुपटीहून थोडा जास्त उशीर होतो, बोटांना तो जाणवत नाही. 512 वर मात्र तान घेताना पाय चिखलात रुतल्यासारखे वाटतात. पी-45 ला वेगळं लाइन आउट (रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर काढायचं भोक) नाही, त्यामुळे त्याचा स्वतःचा पियानो रेकॉर्ड करायचा तर हेडफोनच्या भोकातून वाय केबल काढून इंटरफेसच्या दोन इनपुटमध्ये घालावी लागते. मग त्याचे स्पीकर बंद होतात, म्हणजे खोलीतल्या माणसाला हेडफोनशिवाय काही ऐकू येत नाही.

माइक निवडताना सगळ्यांनी कंडेन्सर जातीचा, बारीकसारीक आवाजही टिपणारा, सुचवला होता. तो मी घेतला नाही याचं समाधान जुलैत झालं. मंगळुरी कौलांवर पाऊस कोसळायला लागला की खोलीत बोललेलंही ऐकू येत नाही, आणि कंडेन्सर माइक त्यातला थेंबन् थेंब टिपतो. पावसाचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या कंपनांत पसरलेला असतो, तो फिल्टर लावून काढता येत नाही. दमट हवा हाही कंडेन्सरचा शत्रू, आत ओल धरली की चरचर सुरू होते. एसएम-57 हा 1965 पासूनचा डायनॅमिक माइक, त्याला फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून द्यायची वीज, लागत नाही, तोंडापासून चार बोटांवर धरला की गाणं पुढे आणि पाऊस मागे राहतो. त्याला गेन (आवाज वाढवण्याची मात्रा) मात्र जास्त द्यावा लागतो. स्कार्लेटच्या तिसऱ्या पिढीत 56 डेसिबल मिळतात, चौथीत 69. हळू आवाजात गाणाऱ्यांनी चौथी बघावी. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये रेकॉर्डिंगची वेळ आपण नव्हे, पाऊस ठरवतो.

खोलीनेही त्रास दिला. चुना लावलेल्या समोरासमोरच्या भिंती आणि खाली लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन. टाळी वाजवली की टर्रर्र असा तुटका प्रतिध्वनी यायचा. इंटरनेटवर मिळणारे काळे फोमचे चौकोन मागवले होते. पावसाळ्यात त्यांच्यावर पांढरी बुरशी चढली आणि खोली कुबट झाली, तेव्हा ते सगळे काढून टाकले. त्यांच्या जागी कापसाची जुनी गादी भिंतीला उभी केली, दोन गोधड्या दोरीवर टाकल्या, समोर पुस्तकांचं कपाट सरकवलं. गादी आठवड्यातून एकदा उन्हात घालता येते, फोम घालता येत नाही. टाळीचा टर्रर्र जवळजवळ गेला. या एका बदलाने रेकॉर्डिंगमध्ये जेवढा फरक पडला, तेवढा महाग माइक घेऊन पडला नसता.

सगळ्यात मजा आली ती चवथीत घुमट हे मडक्याचं तालवाद्य रेकॉर्ड करताना. 2019 मध्ये गोव्याने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण ते घरी नीट रेकॉर्ड कसं करायचं हे आम्हाला धडपडत शिकावं लागलं. मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडं असतं आणि मागचं छोटं तोंड उघडं. डावा तळवा ते तोंड झाकतो-उघडतो, त्यातून तो घुमणारा खर्ज निघतो. समोर एक माइक लावला तर नुसती थाप येते, घूम येत नाही. म्हणून मित्राकडून दुसरा एसएम-57 आणला आणि मागच्या तोंडाकडे थोडा तिरका धरला, अगदी समोर धरला तर हवेचा झोत माइकवर आदळतो. दोन्ही एकत्र ऐकले तर खर्ज गायब! कातडं आत दबतं तेव्हा मागून हवा बाहेर पडते, त्यामुळे दोन माइकना उलट्या दिशेची लहर मिळते आणि ती एकमेकींना खाऊन टाकते. रीपरमध्ये एका ट्रॅकचा फेज (लहरीची दिशा) उलटा केला आणि घुमट खोलीत येऊन बसलं. शामेळ (साथीचा ढोल) आणि कासाळें (झांजा) मात्र लांबच बसवा, कासाळ्यांची धार दोन्ही माइकमध्ये शिरते.

राहिलं दमट हवेचं आणि विजेचं. पियानोवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत ओल कोंडते. सुती चादर पुरते, ती वाळवता येते. माइक आणि केबल झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो, जेलच्या पुड्या अधूनमधून उन्हात वाळवतो. समुद्राकाठच्या मित्राच्या केबलच्या टोकांना हिरवट थर चढलेला पाहिलाय, किनाऱ्याजवळच्यांनी आणखी जपावं. पट्ट्यांखालच्या रबरी संपर्कांवर धूळ किंवा ओल बसली की सूर एकदम मोठा किंवा दोनदा वाजतो, म्हणून जुनं वाद्य घेताना प्रत्येक पट्टी अगदी हळू दाबून बघा, जोरात नव्हे. वीज गेली की इन्व्हर्टर असतोच, पण स्वस्तातला चौकोनी लहरीचा असला तर स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते; साइन वेव्हचाच घ्या. लॅपटॉप चार्जरला लावल्यावर जी घरघर येते, ती चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर थांबली तर दोष अर्थिंगचा समजा. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये तो होता, वायरमन बोलावून अर्थिंग नवं करून घेतलं.

दुकानांत आता बहुधा पी-145 मिळतो. पी-45 हे 2015 चं मॉडेल, 2023 मध्ये पी-145 त्याच्या जागी आला. त्याच्या पट्ट्यांची यंत्रणा वेगळी, जीएचसी नावाची आहे, आणि वाद्य थोडं सडपातळ व हलकं, 11.1 किलोचं. आपला हेडफोन घेऊन जा, एकच संथ चाल अगदी हळू आणि मग जोरात वाजवा, दुकानदार स्टाइल (तयार ताल-साथ) वाजवून दाखवायला लागला तर नम्रपणे थांबवा. मॉनिटर स्पीकर (रेकॉर्डिंग तपासून ऐकायचे) मी अजून घेतलेले नाहीत. ही खोली आणखी थोडी आटोक्यात येईपर्यंत घेणारही नाही. पुढची खरेदी एफसी-3ए पेडलचीच, मुलीच्या पुढच्या ग्रेडआधी.